लोण्याचं बोट लावलेला पेला

यांगझुम तशी घाई करणारी बाई नव्हे. बटाटे काढायच्या दिवसांत ल्हाजुंग गावच्या बाया उजाडायच्या आत शेतात वाकलेल्या असत, आणि ही आपली ऊन अंगणात उतरेपर्यंत चुलीपाशी चहात लोणी घुसळत बसलेली. कुणी हटकलंच तर "बटाट्यांना काय पाय फुटलेत?" म्हणून उलट विचारायची. पण त्या दिवशी तिने घाई केली. उर्केन दाईंनी छांगचा, तांदळाच्या घरगुती दारूचा, पेला पुढे केला, आणि कशासाठी म्हणून विचारायच्या आत तिने तो रिकामा केला.

तिला दोष देणं सोपं आहे. तिच्या जागी ल्हाजुंगमधली दुसरी कुठलीही आई असती तरी हेच झालं असतं. दाई म्हणजे थोरला भाऊ; सगळ्या गावाचे हे दाई शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. तरुणपणी मोहिमांवर शेर्पांच्या तुकड्या नेलेला माणूस. एरवी गावात ठिगळं लावलेल्या जॅकेटात फिरणारा हा गृहस्थ त्या दिवशी जरीची टोपी आणि नवाकोरा घोळदार बख्खू अंगावर चढवून आला होता. बरोबर कमिटीतले दोन म्हातारे. हातात लाकडी चंबू, चंबूच्या गळ्यात खादा, मानाचा पांढरा रेशमी पट्टा, आणि चंबूच्या, पेल्याच्या काठावर लोण्याचं बोट ओढलेलं. नुसतं प्यायला-पाजायला कुणी काठाला लोणी लावत नाही. असा चंबू घेऊन येणारा माणूस काहीतरी मागायला येतो. कुणाची लेक, कुणाचं शेत, नाहीतर जुन्या भांडणाची माफी. द्यायचं नसेल तर पेल्याला हात लावायचा नाही, सरळ तोंड फिरवून बसायचं. त्याचा कुणाला राग येत नाही. पण एकदा प्यायलं की दिलं. पिऊन नाही म्हणणाऱ्या घराशी पुढे कुणी विस्तवाचाही व्यवहार ठेवत नाही.

आणि उर्केन दाईंचा मुलगा ग्याल्जेन तिच्या लेकीच्या, ल्हामूच्या, मागेपुढे करतो हे गावातल्या याकांनाही ठाऊक होतं. ग्याल्जेनचं नामचेच्या बाजारात लॉज होतं. पाहुण्यांना सूप आणि सफरचंदाचा केक विकायचा. डोंगर चढायचं त्याने कधी नाव काढलं नव्हतं, कारण बेस कॅम्पपर्यंत गेला तरी त्याचं डोकं ठणकायचं. यांगझुमच्या दृष्टीने ह्याहून मोठा गुण जावयात असूच शकत नव्हता. तिचा नवरा डोंगरावर गेला होता. वरून उतरताना, हिमप्रपातात, दुसऱ्याचं ओझं पाठीवर असताना. तेव्हापासून तिने एकच गोष्ट देवाकडे मागितली होती, की ह्या घरातलं पुन्हा कुणी वर जाऊ नये. घरात होती तरी कोण? ती आणि ल्हामू.

"शे, शे," उर्केन दाई म्हणाले. घे, घे.

पहिला पेला तिने एका दमात संपवला. दुसऱ्याच्या वेळी बरोबरचे म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. तिसऱ्याला तिने स्वतःच पेला पुढे केला.

"अगं, जरा दमानं घे."

"आता कशाला दमानं? मी काय नाही म्हणणार आहे होय? पोर तुमच्या घरात पडली की माझी झोप मला परत मिळाली."

उर्केन दाईंचा हात चंबूवर थांबला. "माझ्या घरात?"

"मग? ग्याल्जेनसाठीच आलात ना?"

एका म्हाताऱ्याने उगाच खोकून घेतलं. उर्केन दाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्या जरीवरून बोट फिरवत म्हणाले, "ग्याल्जेनचं नंतर बघू, यांगझुम. मी शाळेसाठी आलोय. ल्हामूला येत्या वसंतात चोमोलुंग्मावर, एव्हरेस्टवर, पाठवायचं आहे."

तिला आधी वाटलं, चढली आपल्याला. तीन पेल्यांत चढायची बाई नव्हती ती, तरी वाटलं. मग ते सांगत गेले आणि ती ऐकत गेली. गावातली शाळा आठवीपर्यंत. पुढची शाळा दोन दिवसांच्या वाटेवर. मुलगे कुणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकून शिकतात, मुलींना कोण पाठवणार? मुलींसाठी तिथे वसतिगृह हवं. बाहेरच्या देशातली एक संस्था म्हणते, गावच्या शाळेत शिकवणारी बाई, तीही अशी की जिचे वडील त्या डोंगरावर गेले, ती जर माथ्यावर शाळेचं निशाण घेऊन उभी राहिली, तर लोक हात सैल सोडतील. नुसतं पत्र लिहिलं तर कुणी बघत नाही.

"आणि ती हो म्हणाली?"

"ती म्हणाली, आमाने छांग घेतली तर जाईन. नाही घेतली तर पुन्हा विषय काढायचा नाही."

यांगझुमने हातातला पेला जमिनीवर ठेवला. पाहुणे निघून गेले तरी ती त्याच्याकडेच बघत बसली होती.

ल्हामू शाळेतून आली तेव्हा दारातच तिला कळलं. चुलीपाशी चंबू होता, चंबूत फारसं काही उरलं नव्हतं.

"तुला ठाऊक होतं ते आज येणारेत म्हणून?"

"होतं."

"आणि तू खुशाल पोरांना पाढे शिकवत बसलीस?"

"मी समोर असते तर तुला अवघडल्यासारखं झालं असतं." ल्हामूने बूट काढले, मोजे चुलीच्या कडेला पसरले. "मला वाटलं होतं तू नुसता चंबू बघून हाकलून देशील. खरं सांगू? दिवसभर मी मनात तेच म्हणत होते, हाकलून दे आमा, हाकलून दे. मग परत वाटायचं, नको. पी."

"मला वाटलं ग्याल्जेनसाठी आलेत."

ल्हामू हसली. हसता हसता तिच्या चेहऱ्यावरचं हसू कुठेतरी गेलं. आईच्या शेजारी येऊन बसली आणि डोकं तिच्या खांद्यावर टेकलं. "आमा, तू पण ना."

"मी सांगते त्यांना. मला कळलं नाही म्हणते. मी चुकले म्हणते."

"सांग. पण मग ह्या गावात तुझ्या चुलीवरचा चहा कोण घेईल? आणि मलाही नको आहे तू सांगायला. मला जायचंय."

"तुझा बाप तिथेच..."

"अपा गेले म्हणून मी शिकले, आमा!" ती ताडकन उठली. "अपा गेले म्हणून परक्या देशातल्या लोकांनी माझी फी भरली, काठमांडूच्या शाळेत ठेवलं, गणवेश दिला. माझ्या आठवीतल्या पोरींचे बाप जिवंत आहेत. म्हणून त्यांनी शेण वेचायचं? गेल्या वर्षीची पहिली आलेली पोर आत्ता नामचेला पाहुण्यांच्या चादरी धुतेय. ह्या गावात बाप मेल्याशिवाय पुस्तक मिळायचंच नाही का कुणाला?"

"तोंड फार सुटलंय तुझं," यांगझुम म्हणाली आणि उकडलेले बटाटे वाढले. तिने शिकू दिलं होतं ते पोरीच्या पाठीवर कधी ओझं येऊ नये म्हणून. शिकलेल्या पोरीला ओझं आपलं आपण दिसतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पण हातपाय गाळून बसणारीही ती नव्हती. दुसऱ्याच दिवशी तिने घरातला चांगला तांदूळ काढला, शिजवला, किण्व घालून मडक्यात दाबून गोधडीत गुंडाळून ठेवला. छांग तयार झाली तशी चाखून बघितली. आयुष्यात इतकी चांगली उतरली नव्हती. चंबूच्या काठाला लोणी लावलं, नवऱ्याच्या मागे पेटीत ठेवून दिलेला खादा काढून चंबूच्या गळ्यात बांधला, ठेवणीतला रंगीत पट्ट्यांचा पांगदेन झग्यावर पुढून कमरेला गुंडाळला आणि भरदिवसा, सगळ्यांच्या देखत, उर्केन दाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

उर्केन दाईंनी बसायला गालिचा दिला. चहा दिला. पेला मात्र घेतला नाही.

"शे, शे," यांगझुम म्हणाली.

"मी हे पिणार नाही, यांगझुम."

"एक घोट."

"घोटभर घेतली तरी मागशील ते द्यावं लागेल. आणि तू काय मागणार ते मला दिसतंय."

"मी प्यायले ना? न विचारता प्यायले."

"म्हणूनच मी घाई करत नाही."

आतल्या खोलीत भांडं पडल्याचा आवाज झाला. त्यांची बायको ऐकत होती. यांगझुमने पेला धरलेला हात खाली घेतला नाही. "दाई, एक खरं सांगा. मी काय समजून पितेय ते तुम्हाला दुसऱ्या पेल्यालाच कळलं होतं ना?"

लबाड माणूस असता तर नाही म्हणून मोकळा झाला असता.

"कळलं होतं."

"मग माझा हात का नाही धरलात?"

"मला वसतिगृह हवं होतं," उर्केन दाई म्हणाले. "माझ्या दोन्ही बहिणी अंगठा उठवतात. मी जग फिरलो आणि त्या अंगठा उठवतात. तुझा हात धरला असता तर पुढे कित्येक वर्षं कुणी हे काम काढलं नसतं. तिच्याबरोबर मी गावातली सगळ्यात पक्की माणसं देतोय. माझे स्वतःचे पुतणे देतोय. आणखी काय देऊ?"

"तिच्याबरोबर ग्याल्जेनला द्या."

त्यावर त्यांनी मान खाली घातली. भरलेला चंबू तसाच घेऊन यांगझुम उतारावरून परत आली. असा चंबू परत येणं म्हणजे काय हे ज्याला कळायचं त्याला कळलं. बाया दारातून आत वळल्या. घरामागच्या बांधावर ती तो ओतून देणार, तेवढ्यात शेजारची छामजी धावत आली.

"अगं अगं, ओततेस काय! मला दे."

"आणि तुझ्याकडे काय मागू?"

"माग की काहीही. माझ्याकडे आहे काय? एक लंगडा झोप्क्यो बैल आणि एक घोरणारा नवरा. दोन्ही ने."

मग त्या दोघींनी बांधावर बसून तो चंबू संपवला. छामजी हसवत होती आणि यांगझुम हसत होती, आणि मधेच कधीतरी दोघी रडायला लागल्या. अंधार पडायच्या आत उठल्या, कारण दोघींच्याही गोठ्यात जनावरं होती.

ल्हामू गेली त्या सकाळी सगळी शाळा वाटेवर उभी होती. मुलांनी गळ्यात इतके खादे घातले की तिचा चेहरा दिसेना. लामांनी मनगटाला लाल दोरा बांधला. यांगझुम तिच्या मोज्यांवरून वाद घालत होती. ते कंपनीचे मोजे पातळ आहेत, हे लोकरीचे घे. ल्हामू म्हणत होती, बुटात मावत नाहीत आमा. शेवटी तिने ते घेतले, पिशवीत कोंबले, आणि आईच्या कपाळाला कपाळ लावून वळली. वळणापर्यंत मुलं तिच्यामागे पळत गेली. यांगझुम नाही गेली.

त्यानंतरचे दिवस गावाने यांगझुमचा छळ सोसला. घरातलं माणूस डोंगरावर असताना विस्तवावर मांस जळालेलं डोंगराच्या देवीला खपत नाही. तो वास तिच्यापर्यंत पोचतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं, पाळतातही. पण यांगझुमने त्याचा कहर केला. घराघरात जाऊन चुली हुंगायची. वरच्या लॉजवर गोऱ्या पाहुण्यांसाठी कोंबडी भाजत होते तर तिने आत शिरून तव्यासकट उचलून ती नळाखाली धरली.

"आमा, पाहुण्यांनी पैसे दिलेत तिचे!" लॉजवाला ओरडला.

"मग त्यांना म्हणावं कच्ची खा."

लॉजवाल्याचा भाऊही एका वर्षी असाच वर होता. त्याने पाहुण्यांना बटाट्याचे घावन करून घातले आणि आठवडाभर वरच्या लॉजमध्ये कुणाला मांस मिळालं नाही.

घरात तुपाचा दिवा तिने विझू दिला नाही. वारा सुटला की दिव्याला पाठ देऊन बसायची. शाळेतल्या हेडसरांच्या मोबाइलवर वरून निरोप यायचा, आणि मुलं तो धावत आणून सांगायची. मिस दुसऱ्या कॅम्पला पोचल्या. मिस खोकतात पण बऱ्या आहेत. मिस म्हणाल्या, गृहपाठ केला का? यांगझुम प्रत्येक वेळी विचारायची, "उतरणार कधी?" आणि मुलं म्हणायची, "आमा, अजून चढल्यासुद्धा नाहीत."

मग एक दिवस शाळेची घंटा वाजली आणि वाजतच राहिली. मिस माथ्यावर होत्या. निशाण फडकवलं, फोटो काढला, फोटो मोबाइलवर आला. हेडसर, एरवी इतके गंभीर, अंगणात नाचायला लागले. बायापुरुष हात हातात गुंफून गोल धरून पाय आपटायला लागले. उर्केन दाई रडत होते. कुणीतरी मोबाइल यांगझुमच्या नाकाशी आणला. फुगलेल्या कपड्यांत, काळ्या चष्म्यामागे, तोंडाला नळी लावलेलं कुणीतरी होतं. ते आपलं पोर आहे हे तिला हातातल्या निशाणावरून ओळखावं लागलं.

"नाच की गं," छामजीने तिला ओढलं.

"खाली येऊ दे."

"आता काय, चढली की!"

"तिचा बाप पण चढला होता," यांगझुम म्हणाली. छामजीने तिचा हात सोडला नाही, पण ती पुन्हा नाचायलाही गेली नाही.

दोन दिवसांनी दुपारच्या वेळी यांगझुम छपरावर मुळ्याच्या चकत्या वाळत घालत होती. खालच्या वाटेने उर्केन दाई येताना दिसले. एकटे. ते कधी इतके हळू चालत नसत. टोपी हातात होती. तिने चकत्या तशाच टाकल्या, शिडीवरून उतरली, घरात गेली आणि दाराला आडणा लावला.

"यांगझुम," बाहेरून हाक आली.

ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

"यांगझुम, दार उघड."

"ग्याल्जेनसाठी आला असाल तर उघडते," ती आतून म्हणाली. "दुसरं काही असेल तर मी घरात नाही."

मग म्हातारा माणूस खाली बसतो तसा दाराला टेकून बसल्याचा आवाज झाला. फळीच्या एका बाजूला तिची पाठ, दुसऱ्या बाजूला त्यांची. जोवर ते बोलत नाहीत तोवर ल्हामू हिमप्रपात उतरतेय, असं तिने मनाशी धरलं. लोकरीचे मोजे पिशवीत आहेत. खोकला आहे, पण बरी आहे. तिने असा बराच वेळ काढला. बाहेर माणसं जमल्याचं तिला कळत होतं. मुलांना कुणीतरी गप्प करत होतं. शेवटी छामजीचा हुंदका ऐकू आला, आणि मग बोलायचं काही उरलंच नाही.

शेवटच्या दिवशी, अगदी शेवटच्या उतारावर, घराएवढा बर्फ वरून सुटला होता. पुढे चालणारे उर्केन दाईंचे पुतणे वाचले. ती मागे होती. त्यांनी नखं रक्ताळेपर्यंत खणलं. काही मिळालं नाही.

जाळायला शरीर नव्हतं. लामांनी कागदावर तिचं नाव लिहिलं, कागद काठीला लावून उभा केला, आणि तेच ती आहे असं धरून एकोणपन्नास दिवस त्याच्यासमोर ताट वाढलं. यांगझुम रोज स्वतः रांधायची. शेवटच्या दिवशी तो कागद दिव्याच्या ज्योतीवर धरला. भुरकन जळून गेला; एवढी वाढवलेली मुलगी, आणि हातभरही उजेड पडला नाही. मग लामांनी तिला जवळ बसवून सांगितलं, "आता नाव घ्यायचं नाही. वाट लांबची असते. नाव ऐकू आलं की माणूस थांबतं, वळून बघतं, वाटतं कुणी बोलावतंय. परत यायला अंग नसतं, आणि पुढे पाय निघत नाही. मधेच अडकतं."

"किती दिवस नाही घ्यायचं?"

"कधीच नाही."

तिने पाळलं. तोंडातून जाऊ नये म्हणून कधी कधी पांगदेनच्या टोकाचा बोळा दातात धरायची. गावानेही पाळलं. मुलांना सांगितलं होतं, ती नुसती "आमच्या मिस" म्हणायची. ग्याल्जेन एकदा येऊन बसला, काही बोलायला तोंड उघडलं, आणि नाव न घेता काही बोलताच येईना म्हणून उठून गेला.

आणि पैसा आला. चढून जेवढा यायचा होता त्याच्या कितीतरी पट, खाली न आल्यामुळे आला. त्या फोटोवर, त्या निशाणावर परक्या देशातली माणसं रडली आणि त्यांनी पाठवला. लोक वाईट नव्हते. यांगझुमला त्यांचा राग करता येत नव्हता, आणि ते जास्तच जिवाला लागायचं. कुणावर तरी राग काढता आला असता तर अंगातलं काही बाहेर पडलं असतं.

उर्केन दाई वसतिगृहाचं सांगायला आले तेव्हा तिने त्यांना आत घेतलं, चहा दिला. "एक बांधा, दहा बांधा," ती म्हणाली. "नाव फक्त घालू नका."

"मी सांगतो त्यांना," ते म्हणाले. सांगितलंही त्यांनी. ते खोटं बोलणारे नव्हतेच कधी. पण ज्यांनी पैसा पाठवला होता त्यांच्याकडे मेलेल्या माणसाचं नाव घेतात, दगडावर कोरतात, ते विसरू नये म्हणून. नाव नको हे त्यांना समजेना. त्यांना वाटलं, आईला संकोच वाटतो. शेवटी कमिटीने मान डोलावली. यांगझुमला सांगणं सगळ्यांच्याच जिवावर आलं, म्हणून कुणीच सांगितलं नाही.

वसतिगृह छान झालं होतं. निळं छप्पर, काचेच्या खिडक्या, ओळीने गाद्या. दोन दिवस चालून यांगझुम तिथे गेली ती छामजीच्या आणि उर्केन दाईंच्या बरोबर. अंगणात खुर्च्यांवर पाहुणे, लामा, कॅमेरे. पुढे गणवेशात मुली बसल्या होत्या, ल्हाजुंगच्या आणि आसपासच्या गावांच्या. नामचेला चादरी धुणारी ती पोरही होती. दारावर भिंतीत काहीतरी होतं, त्यावर पिवळं कापड.

"आमा, ही दोरी तुम्ही ओढायची," हेडसर म्हणाले.

"काय लिहिलंय त्याच्यावर?" तिला वाचता येत नव्हतं.

हेडसरांनी उर्केन दाईंकडे बघितलं. "वसतिगृह, आमा. मुलींचं वसतिगृह."

तिने दोरी ओढली. कापड पडलं. खाली पॉलिश केलेला काळा दगड आणि सोनेरी अक्षरं. टाळ्या झाल्या. एक गोरी बाई डोळे पुसत पुढे आली आणि मुलींना काहीतरी म्हणाली. हेडसरांनी ते हळू आवाजात सांगितलं. आणि मुलींनी, ज्यांना अक्षर अक्षर लावून वाचायला त्यांच्या मिसनेच शिकवलं होतं, त्या सगळ्यांनी एका सुरात, खणखणीत, दगडावरचं नाव वाचलं.

छामजीच्या तोंडातून नुसता वारा निघाला. लामांनी डोळे मिटले.

यांगझुमला माहीत होतं आता काय झालं. इतक्या दूर गेलेली ती थांबली. मागे वळली. तिच्या वर्गातल्या पोरी हाका मारतायत, आणि ती कधीच त्यांच्या हाकेला न थांबता पुढे गेली नव्हती. आणि यांगझुमला, लाज वाटायला हवी होती, पण क्षणभर आनंद झाला. ती जवळ आहे. मागे वळून बघतेय. ये, एवढंच म्हणायचं होतं. पोटातून वर आलेला तो शब्द तिने ओठांशी धरला. यायला अंग कुठे होतं तिला? उघड्यावर, बर्फात, अंगावर काही नसताना ती उभी राहिली असती, आईच्या एका शब्दापायी, कायमची.

"जा," यांगझुम म्हणाली. कुणाला ऐकू जाऊ नये इतकं हळू. "जा, बाळा. थांबू नको. जा."

कॅमेरावाल्याने हात वर केला. मघाशी कापडाचं टोक मधे आलं होतं, त्याला अक्षरं नीट मिळाली नव्हती. त्याने हेडसरांना खुणावलं. "मुलींनो," हेडसर यांगझुमकडे न बघता म्हणाले, "पुन्हा एकदा. मोठ्याने."

मुलींनी पुन्हा मोठ्याने वाचलं, आणि यांगझुमने पुन्हा तिला जा म्हटलं.